औषध नव्हतं तेव्हा टीबीचा दवाखाना करायचा काय? न्यूयॉर्क, १९१०

तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही कथा लिहिताय, १९१० चं न्यूयॉर्क, लोअर ईस्ट साइडला कोट शिवण्याच्या कारखान्यात काम करणारा तिशीतला ज्यू माणूस, बायको, दोन पोरं, बरेच महिने खोकला आणि एक दिवस रुमालावर रक्त. विचारलंय की या माणसाला सरकारकडून नक्की काय मिळालं असतं, आणि औषध यायला अजून पस्तीस-चाळीस वर्षं असताना हे टीबीचे दवाखाने काढून करत काय होते, सगळा देखावाच ना?

देखावा नव्हता. मी इतिहासकार नाही, मी सत्तावीस वर्षं टीबीच्या सरकारी कार्यक्रमात काढलेला डॉक्टर, आधी तालुक्याला मग जिल्ह्याच्या क्षयरोग केंद्रावर, आता रिटायर. पण न्यूयॉर्कच्या या कामाबद्दल बरीच वर्षं वाचत आलोय, कारण पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं, अरे हे तर आपलंच काम, फक्त गोळ्या काढून घेतलेल्या. थुंकीची डबी तीच, रजिस्टर तेच, जिने चढणारी बाई तीच, खाजगी डॉक्टरांची कुरकूरही तीच.

माझं मत सांगतो मग तपशिलात जाऊ. टीबीची सरकारी सेवा म्हणजे मुळात गोळी नाही, पत्ता. कोण आजारी आहे, कुठल्या बिल्डिंगमधे, कितव्या मजल्यावर, खोलीत अजून कोण कोण झोपतं, आणि पुढच्या महिन्यात गेलं तर तो तिथेच सापडेल का. न्यूयॉर्कने १८९० नंतरच्या वीस वर्षांत ही पत्ता ठेवायची यंत्रणा उभी केली, आणि गोळी आली तेव्हा ती या तयार सांगाड्यात बसली. जिथे सांगाडाच नव्हता तिथे गोळी येऊनही लोक मरत राहिले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता सुरुवात. जर्मन डॉक्टर कॉखने टीबीचा जंतू दाखवला २४ मार्च १८८२ ला. त्याआधी क्षय म्हणजे घराण्यात असतो, नाजूक माणसांना होतो, असाच समज, आणि जंतू सापडला म्हणून डॉक्टर लोकांनी तो लगेच सोडला असं अजिबात नाही. आपली आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमधे न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली, पलीकडे न्यू जर्सीत रोझेलला राहिली, फिलाडेल्फियाला शिकून १८८६ ला डॉक्टर झाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेली, एकविसाव्या वर्षी. म्हणजे ती अमेरिकेत होती ती सगळी वर्षं जंतू माहीत होता, पण शहरांकडे त्याबद्दल करायला काही नव्हतं. योगायोग बघा, त्याच १८८७ साली एडिंबरात रॉबर्ट फिलिप नावाच्या तरुण डॉक्टरने फक्त क्षयरोग्यांसाठी पहिली डिस्पेन्सरी काढली, पेशंट आला की त्याच्या घरी जाऊन बघायचं आणि घरातल्या बाकीच्यांनाही तपासायचं ही पद्धत तिथली. पुढे सगळ्यांनीच ती उचलली.

न्यूयॉर्कमधला मुख्य माणूस हर्मन बिग्ज. १८८९ मधे त्याने आणि दोन सहकाऱ्यांनी आरोग्य खात्याला लिहून दिलं की हा रोग संसर्गजन्य आहे, टाळता येतो, आणि थुंकीतून पसरतो. खात्याने शहरातल्या बड्या डॉक्टरांना विचारलं, बहुतेक जण म्हणाले नको, घाई नको. मग काय, एक पत्रक छापलं आणि विषय बाजूला ठेवला. १८९२ ला कॉलऱ्याची भीती आली, त्या भीतीच्या जोरावर खात्याला जंतूंची प्रयोगशाळा मिळाली आणि बिग्ज तिचा प्रमुख झाला. साथीची भीती असते तेव्हाच आरोग्य खात्याला पैसे मिळतात, हा नियम जगभर सारखा आहे, कोविडमधे आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात ऑक्सिजन प्लांट आले तसंच.

त्या प्रयोगशाळेने १८९४ पासून थुंकी फुकट तपासायला सुरुवात केली. आणि इथे एक गोष्ट मला फार आवडते, कथेत नक्की घ्या. डॉक्टरने थुंकी पाठवायची कुठे? तर शहरातली ठरावीक औषधांची दुकानं ही खात्याची जमा केंद्रं. दुकानातून डबी न्यायची, भरून दुकानातच आणून द्यायची, खात्याचा माणूस फिरून गोळा करायचा आणि रिपोर्ट डॉक्टरला. पैसे नाहीत. म्हणजे डॉक्टरला त्याच्या कामाची गोष्ट फुकट द्यायची आणि त्या बदल्यात खात्याला पेशंटचं नाव-पत्ता आपोआप मिळणार. माझ्या तालुक्यात आम्ही कितीतरी वर्षांनी खाजगी डॉक्टरांशी हाच सौदा केला, तुम्ही थुंकी पाठवा तपासणी आमची, तेव्हा मला वाटलं होतं काय भारी आयडिया काढलीय आपण.

तपासणीची मूळ रीतही तीच जी मी तरुणपणी शिकलो. काचेवर थुंकीचा पातळ थर, लाल रंग चढवायचा, ॲसिडने धुवायचं, बाकी सगळ्याचा रंग जातो पण टीबीचा जंतू रंग सोडत नाही, मग निळा रंग, आणि निळ्यावर बारीक लाल काड्या दिसल्या की पॉझिटिव्ह. तुमच्या शिंप्याचा निदानाचा क्षण हाच. एक्स-रे तेव्हा होता पण रोजच्या दवाखान्यात नाही, त्यामुळे छाती ठोकून बघणं, स्टेथोस्कोप, ताप, वजन आणि ही काच. त्याला एक्स-रे काढायला पाठवू नका, खटकेल.

नोटिफिकेशनकडे, म्हणजे केस खात्याला कळवण्याकडे येतो, सगळं भांडण तिथेच झालं. १८९४ ला खात्याने सांगितलं की सरकारी आणि धर्मादाय संस्थांनी प्रत्येक केस कळवायचीच, खाजगी डॉक्टरांना मात्र विनंती. जानेवारी १८९७ ला विनंती संपली, सगळ्यांना सक्ती. डॉक्टर मंडळी खवळली. रोग्याची गुप्तता मोडते म्हणाले, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण पोटात दुसरी भीती, केस कळवली की पेशंट हातचा जाणार. काहींनी तर खात्याची ही सत्ताच काढून घेणारा कायदा राज्याच्या विधिमंडळात आणायचा प्रयत्न केला, जमला नाही. आणि विम्याचा प्रश्न वेगळाच. गरीब कुटुंबं आठवड्याला काही सेंट भरून छोटा विमा काढायची, मेल्यावर क्रियाकर्माचा खर्च तरी निघावा म्हणून. टीबीची नोंद झाली तर कंपनी पैसे अडवेल ही धास्ती. मग डॉक्टर दाखल्यावर ब्राँकायटिस लिहायचे, न्यूमोनिया लिहायचे. पेशंटवर दया म्हणूनही आणि पेशंट टिकावा म्हणूनही. हसू नका, माझ्या जिल्ह्यात एका खाजगी डॉक्टरांनी वर्षानुवर्षं टीबीची औषधं लिहिली आणि फाइलवर 'जुना खोकला', मुलीचं लग्न ठरायचंय म्हणून बापानेच हात जोडले होते.

बिग्जने मधला रस्ता काढला. खाजगी डॉक्टरने केस कळवली आणि पेशंटला काळजी काय घ्यायची ते मी शिकवीन असं सांगितलं की खात्याचा माणूस त्या घरी जायचा नाही. व्यवहारात अर्थ काय झाला, ज्याला फॅमिली डॉक्टर परवडतो त्याच्या दारावर थाप पडत नाही, दवाखान्यात येणाऱ्या गरिबाच्या दारावर पडते. हा भेद शेवटपर्यंत राहिला.

१८९७ म्हटलं की आपल्याला दुसरंच आठवतं. पुण्यात त्याच वर्षी प्लेगसाठी घरोघर सोल्जर घुसवले आणि २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. तिकडे त्याच सुमाराला एक शहर शिकत होतं की दार उघडायला कोणाला पाठवायचं. तिथल्या गरिबांनाही खातं प्रिय नव्हतं, आधीच्या साथींत पोलीस आणि ॲम्ब्युलन्स बघून लोक आजारी पोरं लपवायचेच. पण बिग्जच्या खात्याने हळूहळू पोलीस मागे ठेवला आणि नर्स पुढे पाठवली. आणि जाता जाता, आपल्याकडे खाजगी डॉक्टरांना टीबी कळवायची सक्ती झाली मे २०१२ मधे. मधला फरक तुम्हीच मोजा.

बरं, आता तुमचा शिंपी. १९१० मधे तो जाणार कुठे? खात्याचं स्वतःचं पहिलं टीबी क्लिनिक १९०४ ला निघालं, बेल्व्ह्यू, गव्हर्नूर अशा हॉस्पिटलांचीही क्लिनिकं होती, आणि १९०८ ला या सगळ्यांनी एकत्र येऊन शहर वाटून घेतलं. हे वाटून घेणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आधी काय व्हायचं, एकच पेशंट तीन क्लिनिकांत नाव घालायचा, एकीकडून खोकल्याचं औषध, दुसरीकडून दूध-अंडी, आणि कोणालाच माहीत नाही तो कुठे राहतो. वाटणीनंतर प्रत्येक क्लिनिकचे रस्ते ठरले, बाहेरचा पेशंट आला की तपासून त्याच्या भागातल्या क्लिनिकला पाठवायचं, कार्डासकट. आमच्या भाषेत टीबी युनिट आणि ट्रान्सफर. कामावर जाणाऱ्यांसाठी काही ठिकाणी संध्याकाळचं क्लिनिक असायचं, तुमच्या माणसाला तेच सोयीचं, कारण दिवसा सुट्टी घेतली तर पगार गेला आणि कारण कळलं तर नोकरी.

क्लिनिकमधे त्याला मिळेल काय? नाव, पत्ता, धंदा, घरात किती माणसं, वजन, ताप, छाती तपासणी, थुंकीची डबी. कॉड लिव्हर ऑइल किंवा क्रिओसोटसारखं काहीतरी, ज्याने टीबी बरा होत नाही हे देणाऱ्यालाही माहीत. कॉखचं ट्युबर्क्युलिन, म्हणजे टीबीच्या जंतूंपासून काढलेला अर्क, १८९० मधे औषध म्हणून गाजलं आणि आपटलं होतं. थुंकायला कागदी कप, वापरून जाळायचे, आणि कामावर खिशात ठेवायला थुंकीची बाटली, पण मला नाही वाटत कारखान्यात चार लोकांदेखत कोणी ती बाहेर काढत असेल. ट्राममधे थुंकायला १८९६ पासूनच बंदी, तशा पाट्या सगळीकडे. पत्रकं अनेक भाषांत, त्याला यिडिशमधलं, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतलं मिळेल, शेजारच्या इटालियन बाईला इटालियनमधलं.

आणि मग काही दिवसांत नर्स घरी येणार. खात्याने १९०३ पासून टीबीसाठी नर्सेस घेतल्या, यामागे हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या समाजसेवी संस्थेची लिलियन वॉल्ड, जिने १८९३ पासून लोअर ईस्ट साइडलाच घरोघर नर्सिंगचं काम उभं केलं होतं. नर्स आल्यावर काय बघेल ते नीट लिहा, कारण खरी सेवा हीच. आधी खिडकी बघेल. टेनेमेंट म्हणजे आपल्या चाळीसारखंच पण गॅलरी नाही, पाच-सहा मजले, लांबट आणि खोल बिल्डिंग, पुढच्या-मागच्या खोलीला उजेड आणि मधल्या खोल्या आंधळ्या. १९०१ च्या कायद्यानंतर मोजणी झाली तेव्हा शहरात अशा अंधाऱ्या, बिनखिडकीच्या खोल्या साडेतीन लाखांच्या वर निघाल्या. साडेतीन लाख! कायद्याने नव्या इमारतींना प्रत्येक खोलीला खिडकी सक्तीची केली, जुन्यांत भिंत फोडून निदान शेजारच्या खोलीत उघडणारी खिडकी काढायला लावली. त्या खिडकीतून येणार काय, शेजारच्या खोलीतलीच हवा, पण कागदोपत्री खिडकी झाली.

त्या भागात चेरी स्ट्रीट, कॅथरीन स्ट्रीटच्या मधला एक अख्खा ब्लॉकच 'लंग ब्लॉक' म्हणून बदनाम होता, फुप्फुसाचा ब्लॉक. अर्नेस्ट पूल नावाच्या तरुण लेखकाने १९०३ ला त्याच्यावर पत्रक लिहिलं. खात्याकडे नकाशे होते, घरागणिक केसेसच्या खुणा, आणि काही घरांवर खुणांचा ढीग, एक भाडेकरू मेला की दुसरा तिथेच येतो आणि पुन्हा खूण. तो ब्लॉक पाडायला १९३० चं दशक उजाडलं, बिग्जही तोवर गेला होता. माहिती हातात असून भिंत न पाडता येणं, याचा अनुभव ज्याने सरकारी खात्यात काम केलंय त्याला नवा नाही.

तर नर्स खिडकी बघेल, मग बिछाना. तो एकटा झोपतो का? नाहीच झोपत, दोन खोल्यांत चार माणसं आणि बहुधा एक पोटभाडेकरू. त्याला वेगळा बिछाना, वेगळी भांडी, थुंकी जाळणं, आणि बायको-पोरांना क्लिनिकला तपासायला घेऊन या. पोरांसाठी १९०७ पासून पिर्केची चाचणी, हातावर ओरखडा काढून ट्युबर्क्युलिन लावायचं आणि लाल गाठ उठते का बघायचं. मग ती विचारेल खाता काय. आणि इथे बहुतेक वेळा तिची गाडी अडायची, कारण विश्रांती, दूध, अंडी, मोकळी हवा हा उपचार लिहून देणं सोपं आणि तुमच्या शिंप्याचं हातावर पोट. दूध-अंड्यांची सोय धर्मादाय संस्था करायच्या, नर्सने शिफारस करायची, त्यांचा माणूस येऊन घराची चौकशी करणार, तुम्ही दारू पिता का, भाऊ कमावतो का, सगळं. पण त्याचा बुडालेला पगार कोणीच देणार नाही. जर्मनीत १८८३ पासून कामगारांचा आजारपणाचा विमा होता, पुढे विमा संस्थांनीच कामगारांसाठी सॅनेटोरियमं बांधली, अमेरिकेत तसलं काही नव्हतं. माझ्या मते न्यूयॉर्कच्या सगळ्या योजनेतलं सगळ्यात मोठं भोक हेच. आपल्याकडेही पेशंटच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये पोषणासाठी टाकायला २०१८ उजाडलं, आणि तेही आले तर आले.

एक गंमत मात्र आहे, ज्या विम्याच्या धाकाने १८९७ ला लोक रोग लपवायचे, त्याच धंद्यातली एक मोठी कंपनी, मेट्रोपॉलिटन लाइफ, तिने १९०९ ला वॉल्डच्या नर्सेसकडूनच आपल्या विमेदारांसाठी घरभेटी सुरू केल्या. माणूस जितका जास्त जगेल तितके जास्त हप्ते, साधा हिशोब.

घरात हवा नाही तर हवा कुठून आणायची? गच्चीवर झोपा, लोखंडी फायर एस्केपवर झोपा. नॉफ नावाचा टीबीचा डॉक्टर होता, पत्रकं लिहिण्यात पटाईत, तो खिडकीत बसवायच्या तंबूचा पुरस्कार करायचा, डोकं तंबूत म्हणजे बाहेरच्या हवेत आणि अंग खोलीत उबेला. १९०८ च्या सुमाराला जुन्या फेरीबोटींवर डे कॅम्प सुरू झाले, बेल्व्ह्यूचा साउथफील्ड नावाच्या बोटीवर. सकाळी जायचं, डेकवर खुर्चीत पडायचं, दूध-अंडी खायची, संध्याकाळी घरी. पुढे अशाच बोटीवर टीबीच्या पोरांची शाळाही भरवली. तुम्हाला दृश्य हवं असेल तर हे घ्या, जानेवारीतली नदी, डेकवर ब्लँकेटात गुंडाळलेली माणसं ओळीने आणि पलीकडे धूर सोडणारं शहर. मी कधी बघितलं नाही तरी डोळ्यासमोर येतं.

सॅनेटोरियमचं म्हणाल तर श्रीमंतांना आणि नशीबवानांना सारानाक लेक, डॉ. ट्रूडोचं, १८८४-८५ पासूनचं. शहराचं स्वतःचं ऑटिसव्हिलला, १९०६ ला उघडलं, शहरापासून साधारण पाऊणशे मैल, डोंगरात. तिथे सुरुवातीच्या अवस्थेतले, बरं होण्याची आशा असलेले पेशंट घ्यायचे. तुमच्या शिंप्याला रक्त पडलंय, खोकला बरेच महिन्यांचा, त्याला घेतील का हे क्लिनिकच्या डॉक्टरच्या मनावर. ज्यू असल्यामुळे त्याला एक-दोन दारं जास्त होती, मॉन्टेफिओरे या ज्यू संस्थेचं सॅनेटोरियम बेडफर्ड हिल्सला, आणि लांब डेन्व्हरला १८९९ पासून नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल, पूर्ण फुकट. लोक टीबीला 'शिंप्यांचा रोग', 'ज्यूंचा रोग' म्हणायचे, पण मृत्यूचे आकडे उलटं सांगायचे, ज्यू वस्तीत दर आजूबाजूच्या आयरिश वस्तीपेक्षा कमी होता. कारखान्यांचं म्हणाल तर १९१० च्या कोट शिवणाऱ्यांच्या मोठ्या संपानंतर मालक आणि युनियन मिळून स्वच्छता तपासणारं मंडळ झालं, तुमच्या कथेचं सालच ते, वापरता येईल.

पुढे गेलेल्या रोग्यांसाठी ब्लॅकवेल बेटावरचं मेट्रोपॉलिटन हॉस्पिटल, आणि नॉर्थ ब्रदर बेटावरचं रिव्हरसाइड. या रिव्हरसाइडबद्दल गोड गोड लिहू नका. तिथे १९०३ च्या सुमारापासून टीबीचे असे पेशंट ठेवायला लागले जे खात्याच्या मते ऐकत नाहीत, कुठेही थुंकतात, दारू पितात, धर्मशाळेत झोपतात. त्यांना जबरदस्तीने ठेवायची सत्ता खात्याला होती आणि ती वापरली गेली. टायफॉइड मेरीला, स्वतः ठणठणीत पण टायफॉइड पसरवणाऱ्या स्वयंपाकिणीला, १९०७ ला नेलं ते याच बेटावर. कागदावर नियम सगळ्यांना सारखा, पण पाचव्या मजल्यावरचा हमाल बेटावर जायचा आणि फिफ्थ अव्हेन्यूवरचा व्यापारी आपल्या बेडरूममधे खोकत राहायचा. या धाकामुळे किती जणांनी क्लिनिकला खोटा पत्ता दिला असेल सांगता येत नाही, पण आमच्याकडे सक्ती नसूनही खोटे पत्ते येतात यावरून अंदाज करा. परदेशातून येणाऱ्यांवर तर १९०७ च्या कायद्याने टीबी असेल तर उतरायलाच बंदी, त्यामुळे तुमच्या शिंप्याने आपल्या भावाला बोलावलं असेल तर ती भीतीही घरात आहे.

अजून एक माणूस तुमच्या कथेत कदाचित बसणार नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. शहरातल्या काळ्या वस्तीत टीबीने मरायचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा खूपच जास्त होतं आणि तिकडे जायला कोणी नव्हतं. १९०० मधे चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने जेसी स्लीट नावाच्या काळ्या नर्सला या कामावर घेतलं, तेही आधी दोन महिन्यांच्या प्रयोगावर, काळी नर्स नेमणं म्हणजे त्यांना फार मोठं धाडस वाटत होतं. तिचं काम बघून कायम केली. म्हणजे खात्याने टीबी नर्स नेमायच्या तीन वर्षं आधी ही बाई दारोदार फिरत होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न, उपयोग झाला का. प्रामाणिकपणे सांगायचं तर मृत्यूदर बिग्जच्या आधीपासूनच घसरत होता, आणि जिथे असलं काही केलं नाही तिथेही घसरला. चांगलं खाणं, कमी गर्दी याचं श्रेय मोठं, असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांना अगदी खोडून काढता येत नाही. पण एक गोष्ट मी प्रॅक्टिसमधून सांगतो, थुंकीत भरपूर जंतू असलेला एक माणूस अंधाऱ्या खोलीतून उचलून वॉर्डात नेला, मग तो तिथे मेला तरी, घरातली दोन पोरं त्या काही महिन्यांच्या माऱ्यातून वाचतात. त्याला स्वतःला काही मिळालं नाही, पोरांना मिळालं. हे त्या काळातल्या शहाण्या डॉक्टरांना कळत होतं, आणि पेशंटला ते कोण तोंडाने सांगणार हाही प्रश्न होताच. १९०९ पासून तर निरोगी पण घरात टीबी असलेल्या पोरांना न्यू जर्सीत वेगळं ठेवायची सोय, प्रिव्हेंटोरियम, निघाली. आईवेगळं पोर, महिनोन् महिने. मला विचाराल तर ते कितपत बरोबर होतं मी आजही ठरवू शकत नाही.

सॅनेटोरियमच्या विश्रांतीबद्दल मात्र निकाल लागला, आणि तो आपल्याकडे लागला. १९५० च्या दशकात मद्रासला एकाच औषधोपचारावर काही पेशंट सॅनेटोरियमात आणि काही आपल्या झोपडीवजा घरात ठेवून तुलना केली, १९५९ ला निष्कर्ष आला की घरचे पेशंटही जवळजवळ तितकेच बरे होतात. हवा, खाणं, खाट यापेक्षा औषध नियमित पोटात जाणं महत्त्वाचं. मुंबईत पहिली टीबी डिस्पेन्सरी १९१७ ला निघाली, पाचगणीचं बेल एअर सॅनेटोरियम १९१२ चं, म्हणजे आपण न्यूयॉर्कच्या फार मागे नव्हतो. मागे होतो ते नर्स आणि कार्डाच्या बाबतीत.

माझ्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जायच्या. पेशंट पॉझिटिव्ह, औषध चालू, दोन महिने झाले आणि एक दिवस घराला कुलूप. आमचा सुपरवायझर मोटरसायकलवर जाऊन यायचा आणि रजिस्टरला लिहायचा, घर बंद, कारखाना माहीत नाही. औषध होतं, फुकट होतं, उत्तम होतं. मुकादमाचा फोन मिळवून, त्या भागातल्या केंद्राला कळवून आम्ही काही सापडवले, बरेच सुटले, आणि सुटलेले उन्हाळ्यात परत आले ते रेझिस्टंट होऊन, म्हणजे औषधाला न जुमानणारा टीबी घेऊन. न्यूयॉर्कच्या नर्सलाही हेच छळायचं, टेनेमेंटमधली माणसं भाडं थकलं की रातोरात जागा सोडायची. म्हणूनच नियम होता की पेशंट मेला किंवा घर सोडून गेला की खोली धुऊन, रंगवून निर्जंतुक केल्याशिवाय घरमालकाने पुन्हा भाड्याने द्यायची नाही, न केली तर दारावर खात्याचा कागद. निर्जंतुक करण्याचा फायदा थोडाच, पण त्या नियमाने घरमालक स्वतःहून कळवायला लागला की अमुक माणूस गेला.

तुमच्या कथेसाठी शेवटची सूचना. शिंप्याला नोव्हेंबर १९१३ पर्यंत जगवणार असाल तर त्याला नॉर्थ ब्रदर बेटावर पाठवू नका, स्टेटन आयलंडला सी व्ह्यू हॉस्पिटल तेव्हा उघडलं, टेकडीवर, उन्हाकडे तोंड केलेले वॉर्ड, मोठ्या थाटात. त्याच सी व्ह्यूमधे १९५२ ला आयसोनियाझिड या टीबीच्या गोळीचे प्रयोग जाहीर झाले आणि मरायला टेकलेले पेशंट खाऊन-पिऊन वॉर्डात नाचतानाचे फोटो पेपरात आले. तोवर तिथे वॉर्ड सांभाळत होत्या मुख्यतः काळ्या नर्सेस, कारण गोऱ्या नर्सेस टीबीच्या भीतीने सोडून गेल्या होत्या. आणि शिंपी १९११ लाच जाणार असेल तर त्याचं कार्ड विसरू नका, तो गेल्यावर ते बंद होत नाही, नर्स पुढच्या महिन्यात पुन्हा पाच मजले चढते, आता बायको आणि पोरांची थुंकी घ्यायला.